बिनआवाजाचा तास

सर वर्गात आले की आधी रंग मागायचे. हजेरी नाही, "शांत बसा" नाही. दाराशी चपला काढून ठेवायच्या, टेबलाखालचा पत्र्याचा मोठा डबा ओढून वर्गाच्या मधोमध आणायचा आणि म्हणायचं, "टाका." मग ज्याच्या काकांनी दुबईहून दोन मजली रंगपेटी आणलेली असे तोही आपले रंग त्या डब्यात ओतायचा आणि ज्याच्याकडे खडूचे चारदोन तुकडे असत तोही. थोड्याच वेळात कुठला रंग कुणाचा हे कुणालाच सांगता येत नसे. पालकांच्या तक्रारी येत. आमचे मुख्याध्यापक त्यांना बोलावून समजावत. सर मान हलवत ऐकत आणि पुढच्या तासाला पुन्हा डबा ओढत.

आमची शाळा अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीचा पूल ओलांडला की लगेच लागते. मी तिथे विज्ञान शिकवते. सर मूळचे अमरावतीजवळच्या वलगावचे. अकोल्यात एका खोलीत एकटे राहत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थेट बसस्टँड गाठायचे आणि सोमवारी प्रार्थनेच्या आधी परत यायचे. त्यांच्या घरी कोण कोण आहे हे स्टाफरूममध्ये कुणालाच नीट माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणत, "हायेत घरचे."

उंच, काळे, हाडकुळे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू. बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरच्या मुलांना पुढे यावं लागे. कुठल्याही चित्राला त्यांनी "छान" म्हटलेलं मी ऐकलं नाही. मूल कागद घेऊन आलं की ते बघायचे आणि विचारायचे, "पुढं काय?" त्यांच्या तासाला खोडरबरला बंदी होती. एखाद्याची रेघ चुकली, रडकुंडीला आलं पोरगं, की सांगायचे, "झालं थे झालं. आता त्याचं कायतरी कर."

बाक ते भिंतीला लावून ठेवत आणि मुलांना जमिनीवर बसवत. खाकी कागदाचे मोठे ताव खळीने जोडलेले असत. एका तावाभोवती चौघं. प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यात सुरू करायचं. सरांनी टाळी वाजवली की उठून शेजारच्याच्या जागी बसायचं आणि त्याचं चित्र पुढे न्यायचं. त्यावर काट मारायची नाही, रंग फासून झाकायचं नाही. तास संपला की मुलं आपली रेघ शोधत बसायची आणि ती सापडायची नाही. इतर शाळांचे चित्रकलाशिक्षक स्पर्धांना मुलं पाठवत, ढाली आणत. आमच्या कपाटात चित्रकलेची एकही ढाल नव्हती.

मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये नसत. व्हरांड्याच्या खांबाला टेकून, डबा हातात धरून ते मैदानाकडे बघत जेवत. आमच्यातले काही जण हसत, की सर ऊन खायला उभे राहतात. त्यांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कोन कोनाच्या डब्यात हात घालते, थे पायतो." मला ते विक्षिप्तपणाचंच एक टोक वाटलं. मी पुढे विचारलं नाही.

गोपाल आमच्याकडे आठवीत आला. बार्शीटाकळीचा. आई-वडील शेतात, म्हणून शिकायला मामाकडे ठेवलेला. मामाचं कुलर दुरुस्तीचं दुकान होतं. गोपालच्या उजव्या कानात ऐकण्याचं मशीन होतं, त्याची बारीक वायर कानामागून खाली जायची. डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. मी आठवी ब ची वर्गशिक्षिका. पहिल्या दिवशी मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि वर्गाला सांगितलं की याच्याशी नीट वागा. मी एवढं सांगितलं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या कानावर गेल्या.

आठवड्याभरात त्याचं नाव 'टॉवर' पडलं. "टॉवर, रेंज हाये काय बे?" असं ओरडून पोरं पळायची. मग कुणीतरी दुसरा खेळ काढला. तिघं-चौघं त्याच्यासमोर उभे राहायचे आणि आवाज न करता नुसते ओठ हलवायचे, जणू गप्पा चालल्यात. गोपालचा हात कानाकडे जाई. तो मशीनचं बटण फिरवी, मशीन काढून हातावर आपटी, पुन्हा घाली. ते बघून वर्ग हसायचा.

या खेळात पुढे असे वेदांत. तो दांडगट नव्हता. उलट सगळ्यांचा लाडका. आम्हा सगळ्या शिक्षकांच्या नकला करायचा, माझीही, आणि त्या चांगल्या करायचा. हात सुंदर होता त्याचा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसला असता तर ए ग्रेड कुठे गेली नव्हती. त्याचे वडील सरांवर नाराज होते ते याचमुळे, की पोराचा हात आहे आणि हे त्याला चौघांत एका कागदावर बसवतात.

मी वेदांतला शिक्षा केली. वर्गाबाहेर उभं केलं, वडिलांना बोलावलं. वर्गात सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्याने ती मागितली, इतकी अदबीने की मागची पोरं तोंडावर हात ठेवून हसली. त्यानंतर गोपालशी कुणी बोलेना. डबा खायला तो पाण्याच्या टाकीमागे जाऊ लागला.

पावसाळा संपता संपता त्याचे मामा शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मलाही बोलावलं. मामा उभेच होते, बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "मॅडम, पोट्टं सकाळी उठते अन उलट्या करते. डाक्टर म्हनते पोटात काईच नाई. टीसी द्या. नेतो याले परत गावाले." गोपाल त्यांच्या मागे उभा होता, जमिनीकडे बघत.

सर बाहेरच्या नळावर हात धूत होते. त्यांना हात धुवायला फार वेळ लागे. ते ओल्या हातांनी आत आले आणि मामांना म्हणाले, "भाऊ, मले दिवाळीपावतर टाइम देसान काय?"

मामांनी विचारलं, "तुमी काय करसान?"

"चित्र काढाले लावतो."

"चित्रानं काय होते?"

"थे मले माईत नाई," सर म्हणाले. "पन मले तेवढंच येते."

मामा चिडतील असं मला वाटलं. पण ते चिडले नाहीत. मग गोपालच्या पाठीवर हात ठेवून त्याला वर्गाकडे पाठवलं आणि निघून गेले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सर पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलायला आले. सायकल स्टँडपाशी उभे राहून म्हणाले, "त्या वेदांतले बाहेर उभं करू नोका, मॅडम. थो एकटा नाई हासत. हासनारे सगये आत बसले हायेत."

मी म्हटलं, मग सगळ्या वर्गाला शिक्षा करू का? ते म्हणाले, शिक्षा नको. हसणाऱ्यांत काही जण असे असतात की ज्यांना हसू येत नसतं, पण शेजारचा हसतो म्हणून ते हसतात. अशी मुलं कोण ते त्यांनी सुट्टीत बघून ठेवलं होतं. त्यांनी मला नावं सांगितली. त्यात निखत होती. जुन्या शहरातल्या गादीवाल्यांची मुलगी, गणित सगळ्यांत आधी सोडवून खिडकीबाहेर बघत बसणारी. मी तिची वर्गशिक्षिका, पण वर्ग हसतो तेव्हा निखत काय करते हे मला सांगता आलं नसतं. सर म्हणाले, "थे हासते, पन डोये खाली घालते."

त्यांनी आठवी ब चे गट नव्याने पाडले. गोपालच्या तावाशी निखत आणि अशीच दोन मुलं. वेदांत खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्याला आणि गोपालला एकत्र आणण्याची घाई नाही, असं सर म्हणाले. आधी गोपालच्या बाजूने कुणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे.

काही आठवडे तसेच गेले. मोठा बदल काही दिसला नाही. फक्त गोपाल टाकीमागून निघून व्हरांड्याच्या पायरीवर डबा खाऊ लागला, आणि कधीमधी त्याच पायरीवर, थोडं अंतर सोडून, निखत आणि तिची मैत्रीण बसू लागल्या. उलट्या थांबल्या का ते मामांना विचारायची मला भीती वाटे. दरम्यान वेदांतच्या वडिलांनी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, एक दिवस तासाला जाऊन बसा आणि बघा नेमकं चाललंय काय.

म्हणून त्या तासाला मी तिथे होते. मीही चपला काढल्या आणि भिंतीशी जमिनीवर बसले. सरांनी सांगितलं, आज बाजाराचं चित्र. प्रत्येकाने मनात एक गोष्ट ठरवायची, ती चित्रात आली पाहिजे आणि बाकीच्या तिघांनी तिला जागा दिली पाहिजे. पण आवाज काढायचा नाही. लिहायचं नाही. "हात चालवा, तोंड चालवा," ते म्हणाले, "आवाज बंद."

सुरुवातीला खूप गोंधळ झाला. एकाला हातगाडी हवी होती तर दुसऱ्याने त्याच्यासाठी पंप काढून ठेवला. पोरं ओठ हलवून, हातवारे करून थकली, हसली, चिडली. फक्त एका तावावर काम सुरळीत चाललं होतं. निखतने ओठ हलवले की गोपाल हिरवा खडू पुढे करायचा. दुसऱ्या मुलाने काहीतरी म्हटलं की गोपाल सरकून जागा करायचा आणि बोटाने तिसऱ्याला दाखवायचा, की याला इथे तराजू काढायचाय. तो त्या चौघांमधला दुभाषाच झाला होता.

निखतच्या ते लक्षात आलं. मी तिच्या चेहऱ्यावर बघत होते. तिने तोंड थोडं फिरवून, अगदी बारीक ओठ हलवले. गोपालने लाल खडू दिला. तिने पुन्हा काहीतरी म्हटलं. त्याने खडू परत घेऊन पिवळा दिला. ती तशीच त्याच्याकडे बघत राहिली.

सरांनी टाळी वाजवली, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. बाकीचा वर्ग एकदम बोलू लागला. निखतचा आवाज त्यातून वर आला.

"गोपाल, आवाज नसला तरी तुले समजते?"

तो म्हणाला, "हो. लहानपनापासून. मशीन आता आता आलं."

"म्हनजे आमी तुयासमोर जे..." तिने वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाली, "सगयं समजे?"

"हो."

आता सगळा वर्ग त्या दोघांकडे वळला होता. ओठ हलवून त्या मुलांनी काय काय म्हटलं होतं ते मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं. त्याच्या आईवरून, कानावरून, कशाकशावरून असणार. ऐकू जात नाही म्हणून कसलाच आडपडदा ठेवला नव्हता.

निखतने विचारलं, "मंग तू मशीन काऊन हालवत होता?"

 गोपालच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने रस्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं तो म्हणाला, "हालवलं का तुमी हासता. हासून झालं का जाता."

मी वेदांतकडे बघितलं. तो निळा खडू हातात धरून कागदाकडे बघत बसला होता. त्याच्या गटातल्या कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं, सगळे आपापल्या पुढ्यात बघत होते. मला वाटलं आता सर बोलतील. कुठल्याही शिक्षकाने ही संधी सोडली नसती, मी तर नक्कीच नाही. सर गोपालच्या तावाशी गेले, उकिडवे बसले, चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, "पुढं काय?" चौघांनी पुन्हा खडू उचलले. मग बाकीच्यांनीही.

मुख्याध्यापकांना मी सांगितलं की तास चांगला चाललाय. 

वेदांत त्यानंतर चित्रकलेच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून बाहेर बसू लागला. नकला बंद झाल्या. सरांनी त्याला आत ओढलं नाही. एका सुट्टीत मात्र ते खांब सोडून त्याच्या शेजारी जाऊन जेवायला बसले. काय बोलणं झालं ते वेदांतनेच मला पुढे, दहावीच्या निकालानंतर सांगितलं. त्याने सरांना विचारलं होतं, की गोपालला सॉरी म्हणू का. सर म्हणाले, "त्याले ऐकायचं हाये का, थे पाय आंदी." आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याच्या डब्यात ठेवली.

दिवाळीच्या आधी सरांनी शाळेची मागची भिंत मागून घेतली. दुपारच्या उन्हात मुलांच्या सावल्या त्या भिंतीवर पडत. एकाने भिंतीशी स्थिर उभं राहायचं, दुसऱ्याने त्याची सावली खडूने आखायची. सावली सरकते, म्हणून हात चालवावा लागतो, आणि उभा असलेला हलला तर सगळं बिघडतं. कुणाची सावली कुणी आखायची ते ज्याची सावली त्याने ठरवायचं, असा सरांचा नियम होता. गोपालची पाळी आली. सगळ्यांना वाटलं तो निखतला बोलावेल. त्याने वेदांतकडे बोट दाखवलं.

सरांनी विचारलं, "काऊन रे, थोच काऊन?"

"थो चांगला काढते," गोपाल म्हणाला.

वेदांत खडू घेऊन आला. पायापासून सुरुवात केली, गुडघा, हात, खांदा. मान झाली. कानापाशी त्याचा हात थांबला. तो भिंतीपासून मागे सरला, गोपालच्या समोर आला, त्याला आपलं तोंड नीट दिसेल असा उभा राहिला आणि आवाज काढून, हळू विचारलं, "मशीन काढू?"

गोपाल म्हणाला, "काढ. हाये तर हाये."

वेदांतने भिंतीवर खडूने मशीन काढलं, कानामागून खाली येणारी वायरही काढली. ती वायर त्याने एका रेषेत नेली. मग पाळी बदलली. वेदांत भिंतीशी उभा राहिला आणि गोपाल त्याला आखू लागला. इतका वेळ गप्प, न हलता उभा राहिलेला वेदांत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ते दोघं मित्र झाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. एकमेकांच्या घरी गेले नाहीत, डबा एकत्र खाल्ला नाही. 'टॉवर' हे नावही शाळेतून लगेच गेलं नाही. नववीतल्या एकाने एकदा मैदानात ते ओरडून म्हटलं. मी व्हरांड्यात होते. आठवी ब मधलं कुणी हसलं नाही. निखत उठली, आणखी दोन-तीन मुलं उठली आणि जाऊन गोपालच्या शेजारी उभी राहिली. भांडण नाही, काही नाही. नववीचा पोरगा थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. दिवाळीनंतर मामा शाळेत आले ते शाळेच्या कुलरचा पंखा दुरुस्त करून द्यायला. टीसीचा विषय त्यांनी काढला नाही. गोपाल दहावी झाला, आता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो.

सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोप समारंभाला नको म्हणाले आणि शनिवारी नेहमीसारखी बस धरून गेले ते परत आलेच नाहीत. माझं माहेर अमरावतीचं. यंदा संक्रांतीला गेले होते, तेव्हा पत्ता विचारत विचारत वलगावला गेले. पेढी नदीच्या बाजूला साधं, कौलारू घर. सर बाजारात गेले होते. दार उघडलं ते तिशीतल्या एका माणसाने. सरांचा पुतण्या. घरातच शिवणकाम करतो असं मशीनवरून आणि कापडाच्या ढिगावरून कळलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः आतल्या दारात उभा राहिला. मी अकोल्याच्या शाळेचं सांगितलं, गोपालचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. तो चहा ठेवायला आत गेला आणि आतूनच, भिंतीआडून, बोलू लागला.

तो म्हणाला, शाळेत त्याला कुणी कधी मारलं नाही. फक्त कुणी बोलत नसे. पाचवीपासून. तो जवळ आला की सगळे नाक धरत, का ते त्याला अजूनही माहीत नाही. आठवीत त्याने शाळा सोडली. मग बाहेर जाणंच सोडलं. लग्नाकार्याला जात नाही, दुकान टाकलं नाही, कापडं काकाच आणून देतात.

"कोणत्या शाळेत होतात तुम्ही?" मी विचारलं.

"काकाच्याच," तो म्हणाला. "अमरावतीले. माया वर्गावर त्याईचाच तास होता, ड्रॉइंगचा. तवा त्याईचे पोट्टे लय बक्षिसं आनत. काका त्या पोट्ट्याईतच रायत. त्याईले दिसलंच नाई." चहा उकळल्याचा आवाज आला. "मी शाया सोडली, मंग त्याईनंबी थे शाया सोडली. अकोल्याले गेले."

त्याने चहा आणून माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता, पण दिला.

सर आले, आम्ही इकडचं तिकडचं बोललो. पुतण्या मशीनवर बसून शिवत होता. निघताना सर मला पोचवायला फाट्यापर्यंत आले. बस दिसू लागली तेव्हा मी म्हटलं, "सर, तुमचा पुतण्या बोलला माझ्याशी."

ते थांबले. "कोन? हा?"

"हो."

"तुमच्यासंगं बोलला? आपल्या मनानं?"

"हो. चहा होईपर्यंत बोलत होता."

सरांनी काय बोलला ते विचारलं नाही. बस येऊन थांबली, मी चढले, खिडकीपाशी बसले आणि निरोप घ्यायला बाहेर बघितलं. सर फाट्यावर नव्हते. ते घराच्या रस्त्याला लागले होते, भराभर, एका हाताने धोतराचा सोगा सावरत, या वयात माणसाने चालू नये इतक्या घाईने.